मालमोटारीच्या टपावरील आकाशक

मालमोटार हा शब्द परिवहन कार्यालयाच्या कागदावर धावतो आणि ट्रक रस्त्यावर. तसाच आकाशक हा शब्द परिभाषाकोशात उभा असतो आणि अँटिना टपावर. धाराशिव जिल्ह्यातील मालक, ड्रायव्हर, किन्नर (क्लीनर या शब्दाचे हे महामार्गावरील रूप असून स्वर्गातील गायकवर्गाशी त्याचे नाते नाही) आणि बॅटरीवाला या चौघांना आकाशक म्हणजे काय असे विचारल्यास ते बहुधा एखादे आडबाजूचे देवस्थान समजतील. परंतु ‘अँटिना’ असे म्हणताच चौघेही एकदम बोलू लागतात आणि चौघांचे म्हणणे चार प्रकारचे असते. प्रस्तुत लेखाचा विषय हा मतभेद होय. फार तर हातभर लांबीच्या या दांडीने आणि तिच्या जोडीने गाडीत शिरलेल्या ‘हँड्स-फ्री’ नावाच्या संचाने ट्रकच्या केबिनीत जो सत्ताबदल घडवला, त्याची दखल अर्थशास्त्राने घेतलेली नाही, आणि पोलीस खात्याने घेतली ती पावतीपुरतीच.

या अभ्यासाला धाराशिव जिल्हा विशेष सोयीचा आहे. सोलापुरातून फुटणाऱ्या राष्ट्रीय महामार्गांपैकी ५२ क्रमांकाचा तामलवाडीवरून येऊन घाट चढतो व तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा बीडच्या बाजूला जातो. तर ६५ क्रमांकाचा, ज्याला जुने ड्रायव्हर अजून ‘नऊ नंबर’च म्हणतात, तो नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा करीत तलमोडच्या पुढे कर्नाटकात उतरतो. मध्ये बालाघाटाच्या रांगा आहेत म्हणून रेंज येते आणि जाते. शेजारी दुसरे राज्य आहे म्हणून आलेली रेंज कोणाची, हाही प्रश्न उरतो. आणि ऊस, सोयाबीन, कांदा, सिमेंट यांची ने-आण चालूच असल्यामुळे ‘कुठं हायस रे?’ असे विचारणाऱ्या मालकांची वाण नाही. रेंज या शब्दाचाही येथेच खुलासा केलेला बरा. मूळ इंग्रजीत त्याचे पल्ला, आवाका, डोंगररांग असे बरेच अर्थ आहेत. मराठीने ते सगळे बाजूला सारून मोबाइलच्या पडद्यावरील काड्यांना तेवढे रेंज म्हटले, आणि बालाघाटाच्या रेंजमध्ये रेंज नसते हा एक श्लेष फुकटात पदरात पाडून घेतला.

फोन येण्यापूर्वीचा ट्रक ही स्वायत्त संस्था होती. माल चढला, बिल्टी, म्हणजे मालाचा तपशील आणि पोहोचवण्याचे ठिकाण लिहिलेली वाहतूकदाराची पावती, खिशात गेली, नारळ फुटला आणि चाकाखाली लिंबू चिरडले, की पुढे ती गाडी मुक्कामी प्रकट होईपर्यंत मालकाच्या दृष्टीने परलोकवासी असे. धाब्याशेजारच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून ड्रायव्हर फोन करी तो गाडी पोहोचल्यावर किंवा बिघडल्यावर, आणि यंत्रावरचे लाल आकडे सरकताना पाहून दोन्ही बातम्या सारख्याच आटोपशीर शब्दांत देई. मधल्या वेळात तो कोठे जेवला, कोणत्या पाहुण्याच्या गावी थांबला, वाटेतल्या कोणत्या लग्नात पंगतीला बसला, याचा अंदाज डिझेलवरून काढावा लागे, आणि डिझेलचा अंदाज कशावरूनच काढता येत नसे.

मालकवर्गाची यावरची तळमळ जगभर सारखीच आहे. अमेरिकेत १७ जून १९४६ रोजी सेंट लुइस शहरात मोटारीतून दूरध्वनी करण्याची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत ट्रकांचे ताफे बाळगणारे होते, ही गोष्ट बरेच काही सांगते. ते यंत्र सुमारे ३६ किलो वजनाचे होते, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून थोडे हलके. परंतु आपला माणूस आत्ता नेमका कोठे झोपला असेल या चिंतेचा भार त्याहून जास्त असल्यामुळे मालकांनी ते पोते आनंदाने गाडीत चढवले. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत जाई आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. म्हणजे शिव्या मालकाने द्यायच्या आणि त्या मिनिटाच्या भावाने विकत ड्रायव्हरने घ्यायच्या, असा तो व्यवहार होता. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि ड्रायव्हरवर्गाने फोन खऱ्या अर्थाने जवळ केला. तोवर मिस्ड कॉलची स्वतंत्र लिपी तयार झालेलीच होती: एकदा वाजून बंद झाला तर पोहोचलो, दोनदा वाजला तर तुम्हीच लावा, आणि सारखाच वाजत राहिला तर टायर, पोलीस किंवा सासरा यांपैकी एक.

आता दांडीकडे वळता येईल. फोन आणि मनोरा यांच्यातील बोलणे रेडिओलहरींवर चालते, आणि प्रत्येक लहरीला लांबी असते. भारतात जीएसएम पद्धतीचे फोन ९०० व १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालू झाले. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर भरते आणि तिच्या एक चतुर्थांश उंचीची, म्हणजे ८ सेंटिमीटरची, धातूची दांडी ती लहर चांगली पकडते. ८ सेंटिमीटर म्हणजे आडवी धरलेली चार बोटे. हे माप कोणत्याही ड्रायव्हरला पटत नाही. दांडी जितकी लांब तितकी रेंज जास्त, हा त्याचा सिद्धांत घरच्या रेडिओच्या एरियलवरून आणि पुढे दूरदर्शनच्या काळात मुंग्या घालवण्यासाठी पत्र्यावर चढून केलेल्या प्रयोगांवरून सिद्ध झालेला असल्यामुळे दुकानदारही वाद न घालता खालच्या खणातली हातभर लांबीची दांडी काढून पुढे ठेवतो. लांब दांडीच्या पोटात योग्य मापाचे तुकडे योग्य रीतीने जोडलेले असतील तर तिचा उपयोग होतोच. तसे नसेल तर ती पताका लावायला बरी पडते.

दांडीची गरज मुळात का भासावी, हे कळण्यासाठी मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाला त्रास देणे भाग आहे. त्याने १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेली एक खोली उभारली आणि बाहेर विजेचा कितीही धुमाकूळ घातला तरी तो आत पोहोचत नाही, हे आत बसून दाखवले. बंद पोलादी केबिन ही त्याच खोलीची चाके लावलेली आवृत्ती होय. काचांमधून लहरी आत येतात खऱ्या, पण अशक्त होऊन. येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही देशाला लागू पडते. महाराष्ट्रातील ट्रकने मात्र त्याला वेगळेच वळण दिले, कारण कित्येक वर्षे आपल्याकडे कंपनीतून ट्रक येत असे तो चेसिस आणि काउल, म्हणजे सांगाडा आणि पुढचे तोंड, एवढाच. ड्रायव्हर डोक्याला टॉवेल गुंडाळून ते बिनघराचे इंजिन शेकडो मैल हाकत आणी, आणि केबिन व बॉडी बांधण्याचे काम नंतर सुतार आणि पत्रेवाला करीत. लाकूड रेडिओलहरीला फारसे अडवत नाही. त्यामुळे ज्या केबिनीत लाकूड अधिक आणि पत्रा कमी, म्हणजेच ज्या मालकाने पैसे वाचवले, त्याच्या गाडीत अँटिन्यावाचूनच रेंज येई. ज्याने हौसेने सगळीकडे पत्रा मारला त्याला दांडीचाही खर्च पडे.

यावर निसर्गाने आणखी एक फिरकी घेतली आहे. चतुर्थांश लांबीची दांडी एकटी अपुरी असते; तिच्या बुडाशी धातूचा सपाट पत्रा असावा लागतो, जो आरशाप्रमाणे तिचे उरलेले अंग पुरवतो. सोयीसाठी अशा दांडीच्या बुडाला लोहचुंबक बसवलेले असते, ते पोलादी टपावर ठेवले की चिकटते. म्हणजे जिथे दांडी लागते तिथे ती चिकटते आणि जिथे ती लागत नाही अशा लाकडी टपावर ती चिकटतही नाही. ही योजना इतकी तर्कशुद्ध असूनही तिचा पराभव होतो, कारण शेजारच्या गाडीला अँटिना आहे हे कळाल्यावर लाकडी केबिनवाल्यालाही तो हवाच असतो. मग तो आरशाच्या दांड्याला सुतळीने बांधला जातो, किंवा टपाला गिरमिटाने भोक पाडून त्यातून तार आत घेतली जाते व भोवती एम-सील थापले जाते. एम-सीलचा लेप पहिल्या उन्हाळ्यात तडकतो आणि पहिल्या पावसात त्यातून नेमके त्या जागी पाणी गळते, जिथे रात्री मागच्या फळीवर ड्रायव्हरचे डोके असते. रेंज किती वाढली हे सांगणे कठीण. परंतु मृगाची बातमी हवामान खात्याच्या आधी केबिनीत पोहोचते.

टपावरच्या वस्तीचाही विचार करायला हवा. तेथे अँटिना एकटा राहत नाही. ताडपत्री आहे, दोरांची वेटोळी आहेत, दर्शनी बाजूला ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ किंवा ‘येडेश्वरी प्रसन्न’ लिहिलेली पाटी आहे, कोपऱ्यात झेंडा आहे, बंपरवर काळी बाहुली आहे. नवी दांडी टपावर चढली की किन्नर पुढच्या शनिवारी तिलाच लिंबू-मिरची बांधतो, आणि त्याची बाजू अगदीच टाकाऊ नाही, कारण टपावर सर्वांत उंच जागा तिची असल्यामुळे पहिली दृष्ट तिलाच लागणार. लिंबात पाणी असते व पाणी रेडिओलहर शोषते, हे शास्त्र येथे कोणी मांडू नये. एका लिंबाने अडेल ती रेंज टिकाऊ नव्हतीच असे उत्तर मिळते. पाण्याचा खरा परिणाम दिसतो तो ऊसतोडीच्या हंगामात. ट्रकमध्ये ऊस भरताना तो बाजूंनी आणि वर केबिनीच्याही डोक्यावरून पुढे झुकेल असा रचतात. त्या हिरव्या, रसाळ ढिगाऱ्याखाली अँटिना गाडला जातो आणि कार्तिकापासून होळीपर्यंत त्याला आकाश दिसत नाही. कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकण्याच्या खोल नाळेवर, मोळ्यांबरोबर दांडीही ओढली जाते, आणि ती साखरेत गेली की मळीत, याचा शोध घेत बसायला कोणाला सवड नसते.

दांडीने पकडलेली लहर फोनपर्यंत आणण्याचे काम तारेचे. ही तार मध्यभागी तांब्याची, तिच्याभोवती प्लास्टिकची आणि त्याभोवती जाळीची अशी असते. दूरचित्रवाणीच्या केबलमुळे ती सर्वांच्या ओळखीची आहे. तिचा स्वभाव मात्र ओळखीचा नाही. आरजी-५८ नावाची जी बारीक तार अशा कामाला सर्रास वापरतात, ती ९०० मेगाहर्ट्झला दर पाच-सहा मीटरमागे लहरीची निम्मी शक्ती गिळते. कळंबच्या किंवा लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घालणाऱ्या शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही: टपावर आलेल्या रेंजमधून तोलाई, हमाली, आडत कापून जे हाती लागते ते फोनचे. त्यात बॅटरीवाला उरलेली तार कापून टाकण्याऐवजी ‘पुढं-मागं लागंल’ म्हणून तिचे चार वेढे घालून सीटखाली खुपसतो, आणि आडत आणखी वाढते.

बॅटरीवाला हे पात्र येथवर पडद्याआड होते. त्याला जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण सगळ्या सिद्धांतांचे शेवटी काय होते ते त्याच्या चिमट्यावर ठरते. महामार्गालगतच्या टपरीत त्याची सामग्री म्हणजे एक टेस्ट लॅम्प (दोन तारा लावलेला बल्ब, जो वीज असली तर पेटतो आणि फार असली तर फुटतो), काळी टेप, पकड आणि पुढचे दात. तारेवरचे वेष्टन तो दातांनी सोलतो, तांब्याचे केस जिभेवर ओले करून पिळतो, आणि तोंडात तार असताना ड्रायव्हरने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हूं’ एवढेच उत्तर देत असल्यामुळे पुढे काहीही जळाले तरी त्याने शब्द दिलेला नसतो. आणि काहीतरी जळतेच; त्याला कारण आहे. कारगाडीत वीज १२ व्होल्टची असते, तर मोठ्या ट्रकमध्ये १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. हँड्स-फ्री संच किंवा चार्जर कारसाठी बनलेला असला आणि तो २४ व्होल्टांवर जोडला, तर फोनवरचा पहिला निरोप धुराच्या रूपाने येतो. यावर या धंद्याने शोधलेला उपाय म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधून तार काढून एकीतून तेवढे १२ व्होल्ट घेणे. उपाय लागू पडतो; संच चालतो, बल्ब पेटतो, पैसे घेतले जातात. परंतु डायनामो दोन्ही बॅटऱ्यांना एकाच पंगतीत वाढत असल्यामुळे पुढे एकत्र कुटुंबात घडते तेच घडते: एक भाऊ बाहेरचाही खर्च भागवतो म्हणून कायम खंगलेला, आणि दुसऱ्याला गरजेपेक्षा जास्त मिळते म्हणून त्याचे पाणी उकळून आटलेले. दोन-चार महिन्यांनी पहाटे सेल्फ मारल्यावर गाडी नुसती कण्हते. तेव्हा दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो, थंडीला दिला जातो, किन्नराच्या पायगुणाला दिला जातो; मधून निघालेल्या त्या लाल तारेवर कोणाची नजर जात नाही, कारण ती तोपर्यंत तेलकट होऊन काळी पडलेली असते.

(बाजारात बूस्टर नावाचा आणखी एक डबा मिळतो, जो मनोऱ्याची लहर पकडून ती मोठी करून पुन्हा सोडतो. हा डबा परवान्याशिवाय बाळगणे १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याखाली गुन्हा ठरत आला आहे, आणि त्याने आजूबाजूच्या सर्वांची रेंज बिघडते. नुसती दांडी निरुपद्रवी आहे. ती ऐकते आणि बोलते, ओरडत नाही.)

हँड्स-फ्री संचाचे पहिले रूप म्हणजे फोन ठेवायचा पाळणा, एक ध्वनिक्षेपक आणि आरशाशेजारी चिकटवलेला मायक्रोफोन. जुन्या नोकिया फोनांत पाठीमागे एक लहानशी खोबण असे, तीत अँटिन्याची तार खोचता येई. पुढे फोनांची दांडी पोटात गेली, खोबणही गेली आणि आता टपावरचा अँटिना फोनला जोडणार कोठून, हा प्रश्न फोन बनवणाऱ्यांनी ड्रायव्हरला न विचारताच निकालात काढला. तार नसलेल्या संचाचे नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होता. त्याने दुभंगलेले प्रदेश एकत्र आणले, म्हणून यंत्रांना एकत्र आणणाऱ्या तंत्राला त्याचे नाव १९९७ मध्ये सुचवण्यात आले. निळ्या दाताचा तो राजा तांबड्या दातांच्या प्रदेशात येऊन असा कानात बसेल, हे सुचवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावे.

हात मोकळे झाले. परंतु कशासाठी मोकळे झाले, या प्रश्नाचे उत्तर संचासोबतच्या पुस्तिकेत नसते. निरीक्षणांती असे दिसते की मोकळ्या झालेल्या डाव्या हाताच्या तळव्यावर तंबाखू येते, उजव्या हाताची नखी तिला चुना लावते, आणि मळण्याच्या क्रियेला दोन्ही हात लागत असल्यामुळे सुकाणू काही क्षण गुडघ्यांच्या हवाली होते. तुळजापूरचा घाट चढताना देवीच्या दिशेने एक हात छातीला व कपाळाला लागतो, तो वेगळा. शिवाय मराठवाड्याचा माणूस बोलतो तो केवळ तोंडाने नव्हे. ‘अस्सा वळलो’, ‘एवढ्ढा खड्डा’ ही वाक्ये हातांवाचून पुरी होत नाहीत. फोन हातात होता तोवर निदान एक हात गप्प बसत असे, हँड्स-फ्रीने त्यालाही वाचा फोडली.

मायक्रोफोनची अडचण निराळीच आहे. जुन्या पद्धतीच्या ट्रकमध्ये इंजिनाचा बराचसा भाग केबिनीतच, ड्रायव्हर आणि किन्नर यांच्यामध्ये, एखाद्या तापट पाहुण्यासारखा बसलेला असतो, आणि मायक्रोफोनला माणसाचा आवाज कोणता व इंजिनाचा कोणता हे कळावे अशी सोय स्वस्त संचात नसते. त्यात टेप चालू असतो, मागून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर स्वतःच्या गाण्यांसह येत असतो, आणि हॉर्नचे तर विचारायलाच नको. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही विनंती महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २०१५ च्या आदेशाने ट्रकांच्या पाठीवरून पुसायला लावली, पण मागून येणाऱ्यांना ती पाठ झालेली होती. मालकाला या सगळ्यातून ऐकू येते ते एक अखंड शेतकी प्रदर्शन, ज्यात मधूनच कोणी तरी ‘मालक’ अशी हाक मारते. आता उलटीही पंचाईत झाली आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांची केबिन वातानुकूलित असणे केंद्र सरकारने बंधनकारक केले, त्या बंद काचांच्या शांततेत ड्रायव्हरच्या जांभईपर्यंत सर्व काही पलीकडे स्पष्ट पोहोचते.

कायद्याने या प्रकरणात हाताला धरले आहे, अक्षरशः. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, हातात धरायच्या संपर्कसाधनाचा गाडी चालवताना वापर करणे हे धोकादायक वाहनचालन ठरवले, आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, असे माप घालून दिले. कानातल्या बोंडाला हात लागत नसल्यामुळे ते या व्याख्येच्या कडेला उभे राहते. परंतु कॅनडातील रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी टोरांटोतील अपघातग्रस्त चालकांच्या फोनबिलांचा अभ्यास करून १९९७ मध्ये असे दाखवले की बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनाने त्यात फरक पडल्याचे दिसत नाही. गुंतते ते डोके. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १६ मीटरहून अधिक सरकते. ‘हॅलो… कोण?… जरा मोठ्यानं बोला की’ एवढे म्हणण्यात भरलेला ट्रक एका मध्यम आकाराच्या गावाची वेस ओलांडून पारापर्यंत येतो.

आणि बोलायचे तरी काय असते? मालकाचा प्रश्न ठरलेला: ‘कुठं हायस?’ उत्तरही ठरलेले: ‘यायलोय की मालक, आलोच.’ या उत्तराचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. ‘यायलोय’ हा मराठवाड्याचा चालू काळ असून त्यात क्रिया सुरू झाली आहे एवढेच कळते; ती केव्हा संपेल याविषयी क्रियापद मौन पाळते. ‘आलोच’ हा त्याचा भूतकाळ, जो नेहमी भविष्यात घडतो. या दोन शब्दांच्या मध्ये तांब्याभर चहा, एक पंक्चर आणि दुपारची झोप आरामात मावते. भूगोलही ड्रायव्हरच्या बाजूने उभा राहतो: कळंबहून नवी मुंबईच्या बाजार समितीकडे निघालेला ड्रायव्हर ‘वाशीत हाय’ असे छातीठोकपणे सांगतो तेव्हा तो खरेच वाशीत, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात, असतो आणि नवी मुंबईतले वाशी तेथून साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे असते. यात खोटे शोधून काढणे न्यायालयालाही जड जाईल.

उमरग्याच्या बाजूला प्रश्न अधिक नाजूक होता. रोमिंगचे, म्हणजे आपल्या परिमंडळाबाहेरच्या मनोऱ्यावर फोन चालवण्याचे, वेगळे पैसे पडत तो काळ फार जुना नाही. सीमेलगत साधा फोन मिळेल त्या मराठी मनोऱ्याला धरून राही. पण ज्याने टपावर चांगला अँटिना बसवला होता, त्याची दांडी उंचावरून पलीकडचा कर्नाटकातला मनोरा हुडकून काढी आणि तलमोड यायच्या आतच फोनवर परराज्याचे स्वागत झळके. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्याच्या नकाशात होता आणि धाराशिवचे आधीचे उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामाचे. राज्यपुनर्रचनेने जी सीमा आखली ती अँटिन्याने पुसली, पण बिल मात्र पुसलेल्या सीमेचेच आले. म्हणजे जास्त रेंजसाठी जास्त पैसे दिले की त्याच रेंजपायी आणखी पैसे द्यावे लागत.

येथे त्या चौघांच्या मतभेदाचा उलगडा होतो. मालकाला अँटिना हवा असतो, म्हणून त्याचे पैसे तो देतो. ड्रायव्हरला हँड्स-फ्री हवा असतो, दंड आणि तंबाखू या दोन कारणांनी, म्हणून त्याचे पैसे ड्रायव्हर देतो. पण अँटिना ड्रायव्हरला नको असतो, आणि हे तो कधीही बोलून दाखवत नाही. कारण ‘रेंज नव्हती मालक’ हे या धंद्यातले एकमेव भरपगारी रजेचे कलम आहे. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात, बालाघाटाच्या एखाद्या पोटात, काड्या शून्यावर आल्या की अर्धा तास ट्रक पुन्हा जुन्या काळातला होतो, झाडाखाली उभा राहतो, किन्नर स्टोव्ह पेटवतो. नवरात्रात तुळजापूरला लाखोंची गर्दी लोटते तेव्हा मनोऱ्यांवर इतका भार येतो की रेंज असून फोन लागत नाही, आणि त्या दिवसांत ड्रायव्हरचे देवीविषयीचे प्रेम द्विगुणित होते. टपावर दांडी आली म्हणजे ही रजा कापली गेली. तरी बरे, हे कलम अद्याप पूर्ण रद्द झालेले नव्हते. ते काम फास्टॅगने केले. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला आणि तामलवाडीचा टोल कापला गेल्याचा संदेश, ड्रायव्हर ‘येडशी सोडली मालक’ असे म्हणत असतानाच, मालकाच्या फोनवर टुणकन येऊन पडू लागला. तेव्हापासून ड्रायव्हर प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ‘तुम्हाला काय दिसायलंय?’ असे विचारून घेतो.

अशा परिस्थितीत एका दोषाची तक्रार बॅटरीवाल्यांकडे वारंवार येते. अँटिना नवा असतो, तार अखंड असते, टेस्ट लॅम्प पेटतो, अंगणात उभ्या असलेल्या गाडीत मालक स्वतः बसून फोन लावून पाहतो तेव्हा पलीकडचे कुजबुजणेही ऐकू येते. परंतु गाडी भरून घाटाला लागली की तार सीटखालच्या जोडावर सैल होते आणि माल उतरवून दारात परत येईपर्यंत आपोआप घट्ट बसते. बॅटरीवाला तो जोड दोनदा बदलतो, टेप गुंडाळतो, हादऱ्याने होत असेल असे म्हणतो. किन्नर त्या वेळी शेजारीच उभा असतो. त्याची बसण्याची जागा त्याच सीटवर असते, पायांत चप्पल नसते, आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत काय काय धरता येते याविषयी त्याला कोणी विचारलेले नसते.